फोल्डर राहिलं, गोष्ट राहिली : टॉर ब्राउझर लावण्याचा आणि काढण्याचा इतिहास

मागच्या आठवड्यात हिंगोलीहून माझ्या आतेभावाचा फोन आला. तो तिथं खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. जुना लॅपटॉप आहे, विंडोज त्यावर रांगायचं, म्हणून मीच त्यात उबुंटू टाकून दिलं होतं. आता तो लॅपटॉप खोलीतल्या मित्राला विकायचा होता.

"दादा, टॉर ब्राउझर काढलं की मी. पण शोधलं तर त्याचं फोल्डर अजून दिसायलंय."

मी म्हटलं, दिसू दे की, काय बिघडलं? तो थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, सहा महिने झोप लागत नव्हती, मन कशात लागत नव्हतं, त्याबद्दल वाचायचो. डॉक्टर शोधले, औषधांची माहिती बघितली. पानं बुकमार्क करून ठेवलीत. मित्राला ते दिसायला नको.

त्यानं काही चोरलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. फक्त एक गोष्ट स्वतःजवळ ठेवायची होती. म्हणून आजचा भाग त्याच्या प्रश्नावर : ब्राउझर काढला म्हणजे नेमकं काय काढलं? याचं उत्तर इतिहासात आहे, तर जरा मागे जाऊ.

मला आधी आठवतं ते सायबर कॅफे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पहिल्यापासून मोबाईल आला. आमच्या वेळी फॉर्म भरायचा, निकाल बघायचा, तर कॅफेत जावं लागायचं. एकदा मी मेल उघडा ठेवूनच उठलो. अर्ध्या तासानं परत गेलो, तर माझ्या खुर्चीवर बसलेला मुलगा माझी पत्रं वाचून हसत होता. कॅफेवाल्याचा त्यात दोष नव्हता, माझाच होता. पण त्या दिवशी कळलं की सार्वजनिक कॉम्प्युटरवर आपण उठून गेलो तरी मागं काहीतरी उरतं.

काही गोष्टी तर मुद्दाम उरवल्या जायच्या. एप्रिल 2011 मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेसाठी नियम काढले. ओळखपत्र दाखवल्याशिवाय बसायचं नाही. कोण आलं, किती वाजता आलं, याची वही किमान वर्षभर ठेवायची. कुठल्या वेबसाइट बघितल्या याची नोंदही वर्षभर ठेवायची. इतकंच काय, दोन कॉम्प्युटरमधली पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असंही त्यात होतं. गुन्हे थांबवणं हा हेतू होता. पण झोप लागत नाही म्हणून माहिती शोधणारा मुलगाही त्याच वहीत आला.

आता आणखी मागे, 1995 मध्ये. त्या वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. त्याच सुमारास अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, माइक रीड आणि पॉल सिव्हरसन हे तिघं एका प्रश्नावर डोकं लावत होते. इंटरनेटवर मजकूर कुलूपबंद करता येतो, पण कोण कुणाशी बोलतंय हे तरी दिसतंच. ते कसं लपवायचं?

त्यांचं उत्तर आपल्याला समजायला सोपं आहे, कारण ते कांद्याचं आहे. निरोपावर एकावर एक पापुद्रे चढवायचे आणि तो तीन ठिकाणांहून फिरवायचा. प्रत्येक ठिकाणी एकच पापुद्रा निघतो. पहिल्याला तुम्ही कोण ते माहीत, पण कुठं चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठं चाललात ते माहीत, पण तुम्ही कोण ते नाही. म्हणून नाव पडलं 'द अनियन राउटिंग', म्हणजे टॉर.

मग लष्करी कामातून निघालेली ही गोष्ट सगळ्यांना खुली का केली? समजा हे जाळं फक्त नौदल वापरतंय. मग त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच, हे बघणाऱ्याला लगेच कळणार! लपायचं तर गर्दी पाहिजे, आणि गर्दी पाहिजे तर दार सगळ्यांना उघडं पाहिजे. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हरसनबरोबर काम पुढं नेलं. ऑक्टोबर 2002 मध्ये टॉरचं जाळं सुरू झालं, तेही मुक्त परवान्याखाली. 2006 मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली.

पण सुरुवातीचं टॉर वापरायला किचकट होतं. आधी ते लावा, मग आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये बदल करा. साध्या माणसाला कुठलं जमतंय? म्हणून 2008 मध्ये टॉर ब्राउझर बंडलचं काम सुरू झालं. फायरफॉक्स आणि टॉर एकाच गाठोड्यात बांधलं. हे गाठोडं सुरुवातीला विंडोजसाठी होतं, आणि कल्पना अशी की ते पेन ड्राइव्हवर टाकावं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावावं, काम झालं की काढून खिशात घालावं. म्हणजे थेट आमच्या कॅफेतल्या परिस्थितीसाठी!

याच जन्मकथेमुळे आजही लिनक्सवर टॉर ब्राउझर म्हणजे एक फोल्डर असतं. टॉर प्रोजेक्टच्या साइटवरून फाइल घ्यायची. तिची सही तपासायची, म्हणजे ती खरंच त्यांचीच आहे याची खात्री होते. ही पायरी सगळे टाळतात, पण महत्त्वाची तीच आहे. मग फाइल उलगडायची आणि आतल्या चिन्हावर क्लिक करायचं. मेन्यूत आयकॉन हवा असेल तर एक छोटा आदेश देऊन नोंद करायची. काढताना उलट : आधी आयकॉनची नोंद काढायची, मग फोल्डर उडवायचं, मग ट्रॅश रिकामा करायचा. संपलं. अनइन्स्टॉल नावाचं बटण नाहीच.

मग माझ्या भावाचं कुठं चुकलं? त्यानं दुसरा रस्ता धरला होता, एपीटीचा. एपीटी म्हणजे डेबियन आणि उबुंटूवर प्रोग्रॅम आणणारा आणि काढणारा कारभारी. तो डेबियनच्या मार्च 1999 च्या आवृत्तीत आला. गंमत बघा, दोनच महिन्यांनी, 1 मे 1999 ला, परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला.

एपीटीतून त्यानं घेतला तो ब्राउझर नव्हताच. तो होता टॉर ब्राउझर लाँचर, म्हणजे ब्राउझर आणून देणारा निरोप्या. या निरोप्यानं खरा ब्राउझर उतरवला, सही तपासली आणि भावाच्या होम फोल्डरमध्ये नेऊन ठेवला. नंतर भावानं 'एपीटी रिमूव्ह' म्हटलं. एपीटीनं निरोप्याला घरी पाठवलं, पण त्यानं आणून ठेवलेलं गाठोडं तिथंच राहिलं. 'पर्ज' म्हटलं असतं तरी फरक पडला नसता.

ही चूक नाही, जुना शिरस्ता आहे. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर चालतं, तिथं एका कॉम्प्युटरवर अनेक माणसं काम करायची. प्रोग्रॅम सगळ्यांचा, पण होम फोल्डर ज्याचं त्याचं. मालकानं सांगितल्याशिवाय कारभाऱ्यानं कुणाच्या घरात शिरायचं नाही.

आणि ते फोल्डर सहज दिसत का नाही? कारण ते 'डॉट लोकल' नावाच्या फोल्डरच्या पोटात असतं, आणि डॉटनं सुरू होणारी नावं लिनक्स दाखवत नाही. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी लिहून ठेवलंय की हे कुणी ठरवून केलं नव्हतं. यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी शॉर्टकट मारला आणि डॉटवाल्या सगळ्याच फाइली लपू लागल्या. त्या शॉर्टकटचा ताप हिंगोलीतल्या एका खोलीपर्यंत पोचला!

फोनवरच मी त्याला कंट्रोल आणि एच दाबायला लावलं. लपलेली फोल्डरं दिसली. डॉट लोकल, शेअर, त्यात टॉरब्राउझर. डॉट कॉन्फिग आणि डॉट कॅशमध्येही त्याच नावाचं काही असेल तर तेही उडवायला सांगितलं. टॉर ब्राउझर बंद केला की हिस्टरी पुसली जाते, पण बुकमार्क आणि डाउनलोड केलेल्या फाइली राहतात. मोबाईलवालेहो, तुम्हीही ऐका : अँड्रॉइडवर 2019 पासून पक्का टॉर ब्राउझर आहे, ॲप काढलं की त्याच्या आतला डेटा जातो, पण डाउनलोड्समधल्या पीडीएफ तिथंच बसून राहतात.

दोन मर्यादाही सांगतो. डिलीट केलेली फाइल डिस्कवरून लगेच पुसली जातेच असं नाही. म्हणून लॅपटॉप विकायचाच असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करून सिस्टिम नव्यानं टाकलेली बरी. आणि टॉरमधून स्वतःच्याच खात्यात लॉगिन केलंत, तर त्या साइटला तुम्ही कोण ते कळणारच. तिथं कांद्याचे पापुद्रे कामाला येत नाहीत.

खाजगीपणा मूलभूत हक्क आहे का, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1954 आणि 1962 च्या निकालांत तसा हक्क मान्य केला नव्हता. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, आहे. हक्क मिळाला तो असा. पण आपल्या लॅपटॉपमध्ये काय उरलंय, हे बघायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

भावानं त्या रात्री सिस्टिम नव्यानं टाकली, माझ्याशी बोलत बोलत. दीड तास लागला. शेवटी मी विचारलं, "आता झोप लागते का रे?" म्हणाला, "बरंय आता, डॉक्टरकडं जायलोय." ती यादी बुकमार्कमधून गेली, पण जाण्याआधी तिनं आपलं काम केलं होतं.

भेटू पुढच्या भागात.