बाईची जागा: आगगाडीच्या डब्यापासून विमानाच्या खुर्चीपर्यंत

 

हल्ली आपल्याकडच्याही लेकीसुना विमानाने जाऊ लागल्या आहेत. कुणाची मुलगी बंगळुरूला नोकरीला, कुणाचा मुलगा दुबईला. मोबाईलवर तिकीट काढताना खुर्च्यांचा नकाशा समोर येतो आणि विचारतो, कुठे बसणार? प्रश्न नवा वाटतो, पण प्रवासात बाईने कुठे बसायचे याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. 1861 मध्ये रूळ कसाऱ्यापर्यंत आले आणि आपला मुलूख मुंबईला जोडला गेला. गर्दीच्या डब्यात परक्या पुरुषांना खेटून बसणे बायकांना अवघड जाई, घरचेही त्यांना पाठवायला कचरत. शेवटी 1890 च्या रेल्वे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की 1 जानेवारी 1891 पासून प्रत्येक प्रवासी गाडीत निदान एक कप्पा फक्त स्त्रियांसाठी हवा, आणि तोही सगळ्यांत खालच्या वर्गात. हे महत्त्वाचे आहे. पैसेवाली बाई वरच्या वर्गाचे तिकीट काढू शकत होती, कायद्याने मजुरी करणाऱ्या बाईची जागा धरून ठेवली. गाडी 50 मैलांपेक्षा लांब जाणार असेल तर त्या कप्प्यात संडास हवा, असेही त्यात होते.

मुंबई ते कसारा हे अंतर 121 किलोमीटर, म्हणजे सुमारे 75 मैल. आज कसारा लोकलमध्ये बायकांचा डबा आहे, संडास नाही. 1989 चा नवा रेल्वे कायदा आला, त्यात स्त्रियांसाठी डबा किंवा काही आसने राखायचे कलम राहिले, संडासाची अट मात्र उरली नाही. पहाटेची गाडी पकडून मुंबईला कामावर जाणाऱ्या बायका घरून निघताना पाणी का पीत नाहीत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पुढे नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढली तसा एक डबा पुरेना. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण महिलांची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी मध्य रेल्वेवर कल्याणची महिला लोकलही आली. एसटीत बायकांच्या राखीव जागा आहेतच, आणि 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीटही आहे.

विमानाची गोष्ट वेगळी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपाल होते. पुढे प्रवासी विमाने आली, पण तिकीट इतके महाग की सामान्य घरातली बाई त्यात बसणार कशी? 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केली. तिथे खुर्चीचा क्रमांकच नसे. जो आधी चढेल त्याची खिडकी. अगदी आपल्या एसटीसारखे, फक्त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सोय नव्हती!

नंतर कंपन्यांना कळले की जागेची निवडही विकता येते. खिडकीचे वेगळे पैसे, पाय पसरायला जागा असेल तर आणखी पैसे. रेल्वेत जो हक्क कायद्याने मिळाला, तो इथे विकत घ्यायची वस्तू झाला. तरी थोडे बदल झाले. जानेवारी 2017 मध्ये एअर इंडियाने देशांतर्गत विमानांत एकट्या बाईसाठी सहा खुर्च्या जादा पैसे न घेता राखल्या. एप्रिल 2024 मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाजवळ तरी बसवलेच पाहिजे. त्याच वर्षी इंडिगोने शेजारची खुर्ची बाईने घेतली आहे का, हे बायकांना निवड करताना दिसेल अशी सोय सुरू केली.

आता कामाचे. आपल्याकडच्या बऱ्याच विमानांत एका रांगेत सहा खुर्च्या असतात. ए आणि एफ खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेकडच्या. वारंवार उठावे लागत असेल तर वाटेकडची बरी. धक्के कमी हवे असतील तर पंखांजवळची. संकटकाळच्या दाराजवळची जागा गरोदर बाईला किंवा मुलांना देत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, खुर्चीसाठी जादा पैसे भरले नाहीत तरी पक्के तिकीट पक्केच राहते. निघण्याआधी हजेरी नोंदवताना कंपनी उरलेल्यांतली जागा देते. तेव्हा घाबरून पैसे भरू नका. लेकरू दूर बसवले तर काउंटरवर नियम सांगा आणि शेजारची जागा मागा.

आज बायकांच्या डब्यात आपण सहज चढतो, कारण त्यामागे 1890 चा कायदा आहे. कसाऱ्याच्या गाडीत संडास हवा, ही मागणीही त्याच कायद्याइतकी जुनी आहे. ती आपल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी पुन्हा लिहून पाठवायला हरकत नाही.