नंबरप्लेटवरचं कुत्रं-मांजर

शनिवारी संध्याकाळी एडिसनच्या ओक ट्री रोडवर गाडी चालवणं म्हणजे चालवणं कमी आणि थांबणं जास्त. अशाच एका शनिवारी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत बसण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. प्लेटवर एक कुत्रा आणि एक मांजर यांचं छोटंसं व्यंगचित्र होतं, आणि सोबत 'ॲनिमल फ्रेंडली' असे शब्द. मागच्या सीटवरून लेकीनं विचारलं, "बाबा, आपल्या गाडीला चित्र का नाही?" मी म्हटलं, "त्याला जास्त पैसे पडतात." "मग ते पैसे कोणाला मिळतात?" या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

ते शोधायला बसलो याला आणखी एक कारण होतं. आमच्या अपार्टमेंटच्या मागे सापडलेली एक मांजरी आम्ही घरात घेतली होती. तिचं ऑपरेशन करायला व्हेटकडे गेलो, तेव्हा आमच्या आधी एक बाई काउंटरवर उभ्या होत्या. अंगात कुठल्यातरी दुकानाचा युनिफॉर्म, हातात भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. काउंटरवरच्या मुलीनं ऑपरेशनचा खर्च सांगितला. बाईंनी तो एकदा स्वतःशी पुटपुटला, खोक्याचं झाकण नीट लावलं आणि "नंतर येते" म्हणून निघून गेल्या. आमचा नंबर आला. मी क्रेडिट कार्ड पुढे केलं. खोक्यातल्या मांजरीचं पुढे काय झालं असेल हे मात्र डोक्यातून गेलं नाही.

तर मंडळी, ही त्या नंबरप्लेटची हकीकत. ती प्लेटची जितकी आहे तितकीच पैशांची आहे. नकोशा कुत्र्या-मांजरांसाठी समाज नेहमीच पैसे खर्च करत आला आहे. प्रश्न फक्त कशासाठी, आणि कोणाच्या खिशातून, एवढाच.

पहिला जमाना मारण्याचे पैसे देण्याचा. यात आपली मुंबईही मागे नव्हती. १८३२ साली कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभानं लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. ६ जूनला पारशी मंडळींनी कुत्री पकडणाऱ्यांवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पाडला आणि फोर्टमधल्या गोऱ्या शिपायांची रसदही अडवली. इतिहासात याला 'बॉम्बे डॉग रायट्स' म्हणतात.

इकडे न्यू यॉर्कमध्येही कथा हीच होती. कुत्रं पकडून कोंडवाड्यात आणून देणाऱ्या पोरांना पैसे मिळत, आणि १८७० च्या दशकात ही कुत्री लोखंडी पिंजऱ्यात घालून ईस्ट रिव्हरमध्ये बुडवली जात. १८६६ साली हेन्री बर्ग यांनी ए.एस.पी.सी.ए. ही प्राणिरक्षक संस्था स्थापन केली. शहराचा कोंडवाडा चालवायला घ्यायला मात्र ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. ते गेल्यावर १८९४ साली संस्थेनं ते काम स्वीकारलं. कुत्र्यांच्या परवान्याची फी गोळा करायची आणि त्यातून शेल्टर चालवायचं, अशी ती व्यवस्था होती. बुडवण्याच्या जागी कमी यातनांचा मृत्यू आला, पण शेवट तोच राहिला. हे काम संस्थेकडे शंभर वर्षं होतं.

आमच्या धंद्यात म्हणतात तसं, हे म्हणजे रोज रात्री बिघडलेला डेटा पुसत बसायचं आणि ज्या प्रोग्रॅममुळे तो बिघडतो त्याला हातच लावायचा नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत विते, आणि एका वेळी चार पिल्लं सहज होतात. 'एका मांजरीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार' हा पत्रकांतून छापला जाणारा आकडा मात्र विश्वासू नका. त्यात एकही पिल्लू मरत नाही असं धरलेलं आहे. पण तो सोडला तरी हिशेब पुरेसा भयंकर आहे. १९७० च्या दशकातल्या अंदाजांनुसार अमेरिकेतल्या शेल्टरांत वर्षाला एक कोटीहून जास्त कुत्री-मांजरं मारली जात होती.

उपाय माहीत होता: निर्बीजीकरण. अडचण होती किमतीची. १९७१ साली लॉस एंजेलिस शहरानं पालिकेतर्फे स्वस्त ऑपरेशनचं क्लिनिक काढलं, तेव्हा पशुवैद्यांच्या संघटनांनी कुरकुर केली. सरकारच कमी दरात करू लागलं तर आमच्या दवाखान्यांचं काय, असा त्यांचा मुद्दा होता. तो अगदीच गैर नव्हता.

आपल्या न्यू जर्सीनं १९८३ च्या कायद्यात यातून एक मधली वाट काढली. सरकारनं दवाखाना काढायचा नाही. ऑपरेशन खाजगी व्हेटच करणार. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसानं किंवा शेल्टरमधून प्राणी घेणाऱ्यानं दहा-वीस डॉलर द्यायचे आणि बाकीच्यातला मोठा वाटा राज्याच्या निधीतून व्हेटला मिळायचा. निधी कुठून? ज्या कुत्र्याचं ऑपरेशन झालेलं नाही, त्याच्या परवान्यावर तीन डॉलर जादा घेऊन. म्हणजे ज्याच्यामुळे प्रश्न वाढू शकतो, त्यानंच थोडा भार उचलायचा. पण कायद्यातच एक अट आहे: निधीत पैसे असतील तोवर. आणि मांजरांना तर परवान्याची फी सगळीकडे नाहीच.

इथे नंबरप्लेट कथेत येते. गाडीला नंबर हवा हा नियम न्यू यॉर्कनं १९०१ मध्ये केला, तेव्हा प्लेट मालकानं स्वतःच करून घ्यायची असे. कोणी चामड्यावर आकडे ठोकत, कोणी लाकडावर. राज्याकडून प्लेट देण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्सनं १९०३ मध्ये सुरू केली. १९२८ साली आयडाहोनं आपल्या प्लेटवर चक्क बटाटा छापला आणि प्लेट म्हणजे जाहिरातीची जागा आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. पण त्या जागेतून चांगल्या कामाला पैसे मिळू शकतात हे ठळकपणे दाखवलं फ्लोरिडानं. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळून सात अंतराळवीर गेले. त्यांच्या स्मारकासाठी १९८७ मध्ये फ्लोरिडानं खास प्लेट काढली आणि लोकांनी ती जास्त पैसे मोजून घेतली. कर न वाढवता, कोणाला न दुखवता पैसा! मग एकामागोमाग एक राज्यांनी हा धडा गिरवला. आपल्याकडे आर.टी.ओ.त चॉइस नंबरसाठी लोक लाखो रुपये मोजतात, पण तो पैसा सरकारी तिजोरीत जातो. इथे तो कामाच्या नावानं बाजूला ठेवला जातो, हा फरक.

न्यू जर्सीच्या 'ॲनिमल फ्रेंडली' प्लेटचे सुरुवातीला पन्नास डॉलर आणि पुढे दरवर्षी दहा डॉलर जादा. प्लेटवरचं चित्र 'मट्स' या चित्रमालिकेचे जनक पॅट्रिक मॅकडॉनल यांचं, आणि तेही न्यू जर्सीचेच. पैसा जातो १९८३ च्या त्याच निधीत.

प्रत्येक राज्याची नळजोडणी मात्र वेगळी आहे. टेक्ससच्या प्लेटचे तीस डॉलर, त्यातले बावीस निर्बीजीकरण करणाऱ्या संस्थांना अनुदान म्हणून. व्हर्जिनियात पंचवीसपैकी पंधरा डॉलर गाडी जिथे नोंदवलेली आहे त्याच काउंटीला किंवा शहराला परत जातात. कॅलिफोर्नियाची गोष्ट तर प्रोजेक्ट मॅनेजरांनी वाचण्यासारखी आहे. तिथे आधी साडेसात हजार लोकांनी आगाऊ पैसे भरल्याशिवाय प्लेट छापतच नाहीत. जेम्स बाँड फेम पिअर्स ब्रॉस्ननचं चित्र मिळालं, गिऱ्हाईकं जमली, प्लेट निघाली. पण ती होती राज्याच्या पशुवैद्यक मंडळाच्या नावावर. मंडळाचं काम व्हेटना परवाने देण्याचं, अनुदानं वाटण्याचं नव्हे. पैसे जमा करण्याची सोय झाली, पण पुढे देण्याची राहूनच गेली. शेवटी २०१५ मध्ये कायदा करून ते काम राज्याच्या कृषी खात्याकडे सोपवावं लागलं.

मग या प्लेटांमुळे प्रश्न सुटला का? प्लेट घेणाऱ्याच्या घरातलं मांजर बहुधा आधीच ऑपरेशन झालेलं असतं. म्हणजे ज्याला प्रश्नाची जाणीव आहे तोच पुन्हा खिशात हात घालतो. त्यातून प्लेटांची स्पर्धा. एकट्या फ्लोरिडात शंभराहून जास्त खास प्लेटा आहेत: विद्यापीठं, समुद्री गाई, फुटबॉल. न्यू हॅम्पशरनं १९९४ मध्ये दुसरा रस्ता धरला. पीटर मार्श या वकिलाच्या पुढाकारानं तिथे प्रत्येक कुत्र्याच्या परवान्यावर दोन डॉलर लावले आणि त्यातून गरिबांच्या कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं जवळजवळ नाममात्र खर्चात होऊ लागली. सहा-सात वर्षांत तिथल्या शेल्टरांत मारल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या सुमारे तीन चतुर्थांशानं खाली आली. सगळ्यांनी थोडं थोडं दिलं आणि ते ज्याला परवडत नाही त्याच्यापर्यंत नेमकं पोचवलं, यात त्याचं रहस्य आहे.

देशभरातही चित्र बदललं. ए.एस.पी.सी.ए.च्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शेल्टरांत सुमारे ९ लाख २० हजार प्राणी मारले गेले. १९७० च्या दशकातल्या कोटीच्या पुढे हे कितीतरी कमी आहे. याचं श्रेय प्लेटला एकटीला देता येणार नाही. त्यात स्वस्त क्लिनिकं आहेत, शेल्टरमधूनच प्राणी घेणारी माणसं आहेत, परवान्याचे दोन-तीन डॉलर आहेत. प्लेट त्यातला एक छोटा नळ आहे. पण या सगळ्यातून एक जुना समज खोटा ठरला. गरीब माणूस बेफिकीर असतो म्हणून पिल्लं वाढतात, असं पूर्वी सर्रास म्हटलं जाई. न्यू हॅम्पशरमध्ये किंमत खाली आणल्यावर तीच माणसं प्राणी घेऊन आली.

त्या खोकंवाल्या बाई मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. मांजरीला व्हेटपर्यंत घेऊन येण्याची कळकळ त्यांच्याकडे होती, नव्हते ते पैसे. १९८३ चा कायदा काउंटरवर त्यांना कोणी सांगितला नाही, मलाही तेव्हा तो माहीत नव्हता. त्या सरकारी मदतीच्या नियमात बसल्या असत्या की नाही, देव जाणे. पण विचारता तरी आलं असतं.

आता आमच्या गाडीला ती प्लेट आहे. चौघांच्या एका देशी जेवणाचं बिल जेवढं होतं, साधारण तेवढेच पैसे पडले. दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून करतो. एडिसनमध्ये गाय मिळणं कठीण, म्हणून यंदा लेकीनं मांजरीला ओवाळायचं ठरवलंय. मांजरीला हे अजून सांगितलेलं नाही.