आखातातील रुपया

निजामी अंमलात औरंगाबाद जिल्ह्यातील पिशोर गावच्या बाजारात जो रुपया चाले तो हैदराबाद संस्थानचा ‘हाली सिक्का’ होय. पिशोरहून कन्नडास आणि कन्नडहून घाट उतरून चाळीसगावास जाणाऱ्या गाडीवानास घाटाखाली इंग्रजी खानदेश लागे, आणि तेथे चलन असे ते ‘कलदार’ रुपयाचे. शंभर कलदारांस एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. हुंडणावळीचा हा बट्टा सराफाच्या पेढीवर आणि करोडगिरीची जकात नाक्यावर, असे दोन भुर्दंड सोसल्यावाचून मालास सरहद्द ओलांडता येत नसे. काही कोसांवरच्या चाळीसगावचा रुपया पिशोरकरांस असा अर्धा परकाच होता.

परंतु श्रोत्यांस नवल वाटेल ते पुढेच. तोच कलदार रुपया अरबी समुद्र ओलांडून इराणच्या आखातात गेला म्हणजे बट्ट्यावाचून चाले. कुवेत, बहारीन, कतार, दुबई व अबूधाबी येथील बाजारांत दुकानदार माल विकी तो रुपयांत, मजूर मजुरी घेई ती रुपयांत आणि सावकार खतावणी लिही तीही रुपया-आण्यांत. पिशोरच्या शेतकऱ्यास जो रुपया परका, तो बहारीनच्या पाणबुड्यास घरचा होता. आज ज्या देशांच्या तेलावाचून हिंदुस्थानातील मोटार हलत नाही, त्यांचे नाणे एके काळी मुंबईच्या टांकसाळीत पडत होते, ही गोष्ट आता बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे.

ह्या व्यवहाराचे मूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात पैठणहून गोमेदासारखे खडे गाड्यांत भरून भडोच बंदरास जात असल्याचे लिहिले आहे. आणि त्याच भडोचहून आखाताच्या बंदरांकडे तांबे, चंदन, सागाची तुळवटे व आबनूस भरून मोठी जहाजे जात, परत येताना मोती, खजूर व सोने आणीत, असेही तो सांगतो. पैठणहून उत्तरेस जाणाऱ्या वाटेवर, कन्नड तालुक्यातच, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या ‘गंधिका’चे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे. त्याच्या दुकानातील धूप कोठून आला हे दगड सांगत नाही; परंतु त्या काळी उत्तम धूप अरबस्तानचाच समजला जाई.

अर्वाचीन काळाकडे वळले म्हणजे मुंबई पुढे येते. आखातातील इंग्रजी रेसिडेंट बुशहर येथे राही, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता; पुढे तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. टपालही येथूनच चाले. कुवेतात १९२३ पासून आणि बहारीनात १९३३ पासून त्या त्या गावाचे नाव छापलेली हिंदुस्थानचीच तिकिटे विकली जात. परंतु केवळ राज्यकर्त्यांच्या हुकमाने एखादे नाणे परमुलखात रुजते असे समजणे चुकीचे ठरेल. ओमानच्या अंतर्भागात इंग्रजांचा दबदबा असूनही लोक कित्येक वर्षे ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या मुखवट्याचे चांदीचे नाणेच पसंत करीत. किनाऱ्यावर रुपया रुजला तो मोत्यांमुळे.

मराठी घरांतील नथींत आणि कुड्यांत जे ‘बसराई’ मोती म्हणून मिरवले, ते बसऱ्यास कधी निघत नसत. ते निघत बहारीन व कतारच्या आसपासच्या उथळ समुद्रात. उन्हाळ्याच्या आरंभी शेकडो नावा मोत्यांच्या शोधास बाहेर पडत व सुमारे चार महिने समुद्रावर राहत. नाकाला शिंगाचा चिमटा व पायाला दगड बांधून पाणबुड्या तळाशी जाई. त्याला हंगामापूर्वी उचल मिळे. ती बहुधा फिटत नसे, आणि कित्येकदा बापाच्या डोक्यावरील कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. आपल्याकडील सालदारांची स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. हे सारे देणेघेणे रुपयांत होई. कारण मोती शेवटी विकले जात मुंबईस.

हंगाम संपला की अरब व्यापारी तांबड्या फडक्यांत बांधलेली मोत्यांची पुरचुंडी घेऊन मुंबईस येत. कित्येकांच्या पेढ्या व घरे मुंबईतच होती. तेथे मोती चाळण्यांनी निवडले जात, विंधले जात, ‘चव’ ह्या मापाने त्यांचे मोल होई, आणि मग ते पॅरिस-लंडनकडे जात. हातात रुपये आले की हा व्यापारी ते घेऊन तसाच परतत नसे. वाळवंटात धान्य पिकत नाही आणि जहाज बांधावयास लाकूड नाही. तेव्हा तांदूळ, कापड, चहा, मसाले, काथ्याचे दोर, मलबारचे सागवान हे सर्व तो येथूनच खरेदी करी. कुवेतच्या प्रसिद्ध गलबतांच्या फळ्या हिंदी सागाच्या होत्या. बसऱ्याचा खजूर भरून तीच गलबते पुन्हा मुंबईकडे व मलबारकडे येत. रुपयास आखातात पत होती ती एवढ्याचसाठी, की त्या रुपयात घेण्याजोगे पुष्कळ काही हिंदुस्थानच्या बाजारात होते.

१९३० च्या सुमारास हे गाडे एकाएकी घसरले. जपानात मिकिमोतोने कृत्रिम रीतीने पोसलेले मोती बाजारात आणले, आणि १९२९ च्या जागतिक मंदीने धनिकांची खरेदी थांबविली. आखाताच्या किनाऱ्यावर उपासमारीची वेळ आली. त्याच सुमारास जमिनीखालून दुसरी संपत्ती वर आली. इराणात मस्जिद-इ-सुलेमान येथे १९०८ सालीच तेल लागले होते, आणि अबादानच्या शुद्धिकारखान्यात मुंबई व कराचीहून नेलेले हिंदी कामगार राबत होते; १९२० व १९२२ मध्ये त्यांनी तेथे संपही केले. पुढे १९३२ मध्ये बहारीनात तेल लागले व १९३८ मध्ये कुवेतात. कुवेतचे तेल जहाजात भरून परदेशी जावयास मात्र महायुद्ध संपून १९४६ साल उजाडावे लागले.

आता तेल विकून पौंड मिळू लागले, तरी बाजारातील नाणे रुपयाच राहिले. १९४३ ते १९४९ ह्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या ह्या कोकणी गृहस्थाच्या सहीच्या नोटा अरबस्तानच्या किनाऱ्यावर नित्याच्या व्यवहारात फिरत होत्या. इकडे हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, आणि १९५० पासून सात हालीस सहा भारतीय रुपये हा भाव ठरून त्या दशकात हाली सिक्का मोडीत निघाला. पिशोरच्या बाजारात भारतीय रुपया पुरता स्थिरावतो न स्थिरावतो, तोच आखातात त्याच्या पायाखालची वाळू सरकू लागली.

कारण होते सोने. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते; त्यामुळे मुंबईच्या सराफबाजारातील भाव जगाच्या भावाहून पुष्कळच चढा राहिला. दुबईत सोने घ्यावे, गलबतातून रात्री कोकणच्या वा गुजरातच्या किनाऱ्यास उतरवावे, आणि मोबदल्यात नोटांची पुडकी आखातात न्यावीत, असा चोरटा धंदा भरभराटला. गंमत अशी की दुबईस पोहोचताच ती पुडकी निर्दोष होत. तेथे रुपया हेच सर्वमान्य चलन! बँका त्या नोटा रीतसर घेत व रिझर्व्ह बँकेपुढे ठेवून त्यांचे पौंड मागत. म्हणजे मुंबईकराच्या घरातील लग्नाच्या पाटल्यांची किंमत अखेरीस देशाच्या परकी चलनाच्या गंगाजळीतून जाई. आणि तीही अशा वेळी, की दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीसाठी एकेक पौंड मोजून वापरावा लागत होता.

मोरारजी देसाई अर्थमंत्री असता १९५९ मध्ये ह्यावर उपाय झाला. कायदा दुरुस्त करून आखातासाठी निराळ्या नोटा काढण्यात आल्या. आकृती तीच, रंग निराळा. एकाची व दहाची तांबडी, पाचाची नारिंगी आणि शंभराची हिरवी. त्या भारतात चालत नसत, आणि येथील नोटा तेथे चालेनाशा झाल्या. हज यात्रेकरूंसाठीही त्याच वर्षी दहाच्या व शंभराच्या वेगळ्या नोटा निघाल्या. चोरट्या धंद्याची एक वाट बुजविण्यास हा उपाय आवश्यक होता, ह्यात संशय नाही. परंतु आपल्या नाण्याची आपणच दोन नाणी केली, आणि पाहुण्यास ओसरीवर बसवावे तसा आखाती रुपया घराबाहेर राहिला, हेही तितकेच खरे.

ज्यांना ते लवकर उमगले ते लवकर निघाले. कुवेतने १ एप्रिल १९६१ रोजी आपला दिनार चालू केला आणि एका दिनारास तेरा रुपये व एकतृतीयांश हा भाव धरला. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांतच तो देश स्वतंत्र झाला. बहारीनचा दिनार १९६५ मध्ये आला. उरले ते ६ जून १९६६ रोजी जागे झाले. लढाई, दुष्काळ व परदेशी कर्ज ह्यांनी वाकलेल्या भारत सरकारने त्या दिवशी रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. येथे त्या निर्णयावर पुष्कळ वादंग माजला. परंतु ज्यांची सारी पुंजी आखाती रुपयांत होती अशा कतार व दुबईकडील व्यापाऱ्यांचा विचार त्या वादात क्वचितच कोणी केला असेल. त्यांना न विचारता त्यांच्या तिजोरीतील धनाला उतरती कळा लागली. कतार व दुबईने काही काळ सौदी रियाल घेऊन मग आपला संयुक्त रियाल काढला. अबूधाबीने बहारीनचा दिनार घेतला. एकट्या ओमानने, रुपयाचा पौंडाशी असलेला जुना भाव स्वतःच्या जबाबदारीवर राखून, १९७० पर्यंत ह्या नोटा चालू ठेवल्या. त्यानंतर आखातातील रुपयाचे पान मिटले.

ह्याच अवधीत तुळेचे दुसरे पारडे खाली जात होते. तुर्भ्यास १९५४ मध्ये स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा शुद्धिकारखाना सुरू झाला. आखाताकडून कच्चे तेल येऊ लागले आणि त्याचे रॉकेल, पेट्रोल, डिझेल येथे होऊ लागले. तेल स्वस्त होते तोवर ह्या अवलंबनाची कोणास फिकीर नव्हती. ऑक्टोबर १९७३ नंतर अवघ्या काही महिन्यांत त्याचा भाव जवळजवळ चौपट झाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ जहाजाने मुंबईच्या समुद्रातच तेल शोधून काढले, आणि १९७६ पासून ते निघू लागले. त्या तेलाने मोठा धीर दिला, पण देशाची भूक भागली नाही. आज भारताच्या गरजेच्या शंभर भागांपैकी पंच्याऐंशीहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते.

पैशाचा ओघ उलटा फिरला तशी माणसांची वाटही फिरली. पूर्वी अरब व्यापारी मुंबईस घर करीत. १९७० नंतर रत्नागिरी-रायगडकडील तरुण पारपत्र काढून दुबई-मस्कतकडे निघाले. कोकणातील कित्येक गावांची चिरेबंदी घरे त्यांनी पाठविलेल्या पैशावर उभी आहेत. एकट्या संयुक्त अरब अमिरातीत भारतीयांची वस्ती पस्तीस लाखांहून अधिक आहे. तेलाचे बिल भागविताना ह्या लोकांच्या घामाचा पैसा देशाच्या किती उपयोगी पडला, ह्याचा हिशेब तेलाच्या हिशेबाइतका कौतुकाने मांडला जात नाही.

अलीकडे रुपयाने पुन्हा आखाताची वाट धरली आहे. भारत व अमिराती ह्यांच्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये व्यापक आर्थिक भागीदारीचा करार होऊन तो १ मे पासून अमलात आला. जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी रुपया व दिऱ्हाम ह्यांत देवघेव करण्याचे ठरविले; आणि पुढच्याच महिन्यात इंडियन ऑइलने अबूधाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीकडून घेतलेल्या दहा लाख पिंपे तेलाचे मोल रुपयांत चुकते केले. डॉलर मध्ये न घालता आखाताच्या तेलाला रुपया मोजण्याची ही नवी सुरुवात होती.

मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात गोव्यास परराष्ट्रमंत्र्यांची परिषद भरली असता, तेल विकणाऱ्या दुसऱ्या एका देशाचे, रशियाचे, मंत्री लाव्हरोव्ह यांनी निराळीच अडचण बोलून दाखविली होती. तेलाच्या मोबदल्यात आलेले अब्जावधी रुपये भारतातील बँकांत पडून आहेत, आणि ते उपयोगात आणावयाचे कसे हा प्रश्न आहे, असे ते म्हणाले. मुंबईस मोती विकणाऱ्या कुवेतच्या व्यापाऱ्याला ही अडचण कधी पडली नव्हती. त्याचे गलबत परतीच्या वाऱ्याला लागे तेव्हा त्यात तांदळाची पोती, कापडाचे गठ्ठे आणि सागाच्या तुळया काठोकाठ भरलेल्या असत.