जंजिऱ्याच्या शिड्या

गडाला शिड्या लागल्या की गड जातो, हे आम्हां ग्वाल्हेरकरांस कोणी शिकवावे लागत नाही. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅमच्या तुकडीने महादजी शिंद्यांच्या ताब्यातील आमचा किल्ला असाच अंधारात घेतला. खाली सोळा फुटांचा कडा, मग चाळीस यार्डांची चढण, वर तीस फुटांचा तट. चाहूल लागू नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे होते. म्हणूनच १६७६ च्या जंजिऱ्याच्या मोहिमेची हकीकत वाचताना आमचा रोष मोरोपंत पिंगळ्यांवर होई. कोळ्यांचा पुढारी लाय पाटील याने रात्री तटाला शिड्या लावल्या, पंतांच्या माणसांची वाट पाहिली, आणि उजाडू लागताच त्या काढून तो परतला. पंतांची माणसे आलीच नाहीत.

हा रोष घेऊनच आम्ही राजापुरीस शिडाच्या होडीत बसलो. आमचे जलज्ञान सागरतालापुरते! वारा समोरचा होता. तांडेलाने किल्ल्याकडे पाठ फिरवल्यासारखी होडी दूर नेली, मग शीड पालटून पुन्हा वळवली. असे दोन-तीन वेळा झाले. तट थेट पाण्यातून उठलेला. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीशी होडी लाटेबरोबर हातभर वर जाई, हातभर खाली येई. भर दुपारी, दोघांच्या हाताला धरून, आम्ही कसेबसे उतरलो.

शेकडो माणसे रात्री, निमूटपणे, भरतीची वेळ साधून येथे आणणे म्हणजे काय, याचा विचार आम्ही घरी बसून कधी केला नव्हता. ग्वाल्हेरच्या कड्याखाली शिपायाला निदान उभे राहण्यास जमीन होती. पंतांस आम्ही निर्दोष ठरवीत नाही. लाय पाटीलही याच पाण्यातून आला होता. पण तो दर्यावर्दी होता. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, तेव्हा दर्यात पालखी कशाला, असे तो म्हणाला आणि महाराजांनी 'पालखी' नावाचे गलबत बांधवून त्याला दिले, असे परंपरा सांगते.

पुढे १६८२ मध्ये संभाजीराजांनी खाडीत दगड टाकून वाटच बांधू पाहिली. मोगल कल्याणकडे उतरल्याने तेही राहिले. १७९१ च्या तहाने सिद्दी घराण्यातील बाळूमियांस सुरतेजवळ सचीन देऊन पेशव्यांनी जंजिऱ्यावरील हक्क लिहून घेतला. तो कागदावरच राहिला. संस्थान विलीन झाले ते १९४८ साली.

परतताना वायव्येस महाराजांचा पद्मदुर्ग दिसत होता. तेथे नेता का, असे आम्ही विचारले. तांडेलाने शिडाकडे पाहिले आणि मान हलवली. वारा पडला होता.