‘लग्न झालं की थांबेल’: एका दुखण्याची शंभर वर्षं

आजची गोष्ट सुरू होते लालबागच्या आमच्या चाळीत. माझी आत्या दर महिन्याला दोन दिवस पोटाशी उशी धरून पडून असायची. आजी म्हणायची, "लग्न झालं की थांबेल." लग्न झालं, दुखणं थांबलं नाही. चाळिशीनंतर ऑपरेशन झालं, तेव्हा नाव कळलं: एंडोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं.

एवढी वर्षं हे कुणाला दिसलंच नव्हतं का?

दिसलं होतं की! अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२१मध्ये अंडाशयातल्या ‘चॉकलेट सिस्ट’वर लिहिलं. १९२७मध्ये त्यांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं रक्त तर बहुतेक बायकांच्या पोटात जातं, आजार मात्र काहींनाच होतो. हे कोडं अजून सुटलेलं नाही.

१९४१मध्ये बॉस्टनच्या जो मेग्ज यांनी उशिरा लग्न आणि उशिरा मूल याकडे बोट दाखवलं. म्हणजे आजीचं वाक्य डॉक्टरही बोलत होते! हा सुखवस्तू गोऱ्या बायकांचा आजार, असा शिक्का बसला. १९७६मध्ये डोनाल्ड चॅटमन यांनी दाखवलं, की कृष्णवर्णीय बायकांनाही तो होतो. त्यांच्या दुखण्याला डॉक्टर जंतुसंसर्ग म्हणत आले होते. ज्यांना तपासलंच नाही, त्यांच्यात आजार सापडणार कसा?

आता परळला या. इथलं वाडिया प्रसूतिगृह १९२६चं, गिरणी कामगारांच्या बायकांसाठी उभं राहिलेलं. बाई दवाखान्यात यायची ती मुख्यतः बाळंतपणासाठी. जवळच आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात झाली गर्भनिरोधकांच्या चाचण्यांपासून. मूल व्हावं की होऊ नये, हे विचारलं गेलं. "दुखतं का गं?" हे मागे राहिलं.

२०२३मध्ये साठ हजारांहून जास्त रुग्णांचा मोठा जनुकीय अभ्यास आला, पण त्यातल्या बायका युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. भारतीय बायकांची माहिती जमवण्याचं काम आता परळच्या त्याच संस्थेच्या पुढाकाराने, देशभरातल्या केंद्रांत चाललंय.

आत्याला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तेव्हा कुणी विचारलं असतं तर?"

तुमच्या घरात कुणी दर महिन्याला अशी पडून राहते का? आज तिला विचारा. आणि डॉक्टरकडे जाताना सोबत जा.

भेटू पुढच्या भागात!