जांघेतून गर्भाशयापर्यंत

बाळंतपणाच्या दिवशी होणाऱ्या रक्तस्रावाचा धाक सगळ्यांनाच असतो. पण एक रक्तस्राव नंतर, कधी तर बारसं होऊन गेल्यावर, पाहुणे परतल्यावर सुरू होतो. प्रसूतीला 24 तास उलटल्यापासून 12 आठवड्यांपर्यंत केव्हाही अंगावरून असं भरमसाट जाऊ लागलं, तर डॉक्टर त्याला उशिराचा रक्तस्राव म्हणतात. आपल्याकडे यातला सुरुवातीचा काळ सव्वा महिन्याचा, बहुधा माहेरचा. दवाखाना तेव्हा मागे राहिलेला असतो.

यावरचा जुना उपाय ठरलेला होता. वारेचा तुकडा आत राहिला असेल असं धरून क्युरेटिंग करायचं, पिशवी साफ करायची. तरी थांबलं नाही तर पिशवीच काढायची. पुष्कळदा तुकडा खरोखर असे, कधी जंतुसंसर्ग असे. पण काही जणींना क्युरेटिंगनंतर रक्त थांबण्याऐवजी अधिकच लोटे. असं का होतं हे कळायला आधी धमनी डोळ्यांना दिसावी लागली, आणि ती पाहण्याची विद्या प्रसूतिगृहाबाहेर, भलत्याच आजारांच्या नादात तयार झाली.

1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांत औषध सोडून त्यांचं क्ष-किरण चित्र घेतलं. दोनच वर्षांनी त्याच शहरात रेनाल्दो दुस सांतुस यांनी पाठीतून सुई घालून महाधमनीचं चित्र काढलं. या सुया जाड होत्या आणि धोका मोठा होता. खरी वाट खुली केली ती स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर या तरुण रेडिओलॉजिस्टने. सुईने धमनी टोचायची, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून नळी पुढे न्यायची आणि मग तार ओढून घ्यायची. त्यांनी हे 1953 साली छापलं. पीएच.डी.साठी एवढंसं तंत्र पुरेसं नाही असं वरिष्ठांनी सांगितल्यावर त्यांनी प्रबंधाला वेगळाच विषय घेतला. आज जगभर रोज कितीतरी धमन्यांत नळी जाते ती याच रीतीने. मला या कहाणीतलं हे सर्वांत मोठं पाऊल वाटतं, कारण यामुळे जांघेतल्या एका टोचणीवाटे शरीराच्या कुठल्याही कोपऱ्यात पोचता येऊ लागलं.

आत पोचल्यावर धमनी बुजवण्याचा विचार यायला वेळ लागला. 1972 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे योसेफ रोश आणि चार्ल्स डॉटर यांनी पोटातला रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णाच्याच रक्ताची गुठळी नळीतून धमनीत सोडल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बोस्टनमधून कमरेचं हाड मोडून होणारा रक्तस्राव असाच थांबवल्याचं वृत्त आलं. कमरेच्या हाडाजवळच्या ज्या आतल्या इलियॅक धमनीशी या डॉक्टरांचा संबंध आला, तिचीच एक फांदी गर्भाशयाला जाते. तरीही प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर हा उपाय केल्याचं पहिलं ठळक वृत्त यायला 1979 उजाडलं. ते यूटाच्या डॉक्टरांचं होतं, आणि त्यातल्या बाईवरच्या शस्त्रक्रिया आधीच फसल्या होत्या.

शस्त्रक्रिया का फसत, हे एव्हाना कळलेलं होतं. धमनी बांधण्याची रीत जुनी. बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी 1890च्या दशकातच कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत हीच आतली इलियॅक धमनी बांधली होती. पण 1960च्या दशकात बर्चेल या डॉक्टरांनी मोजमाप करून दाखवलं की दोन्ही बाजू बांधल्या तरी रक्ताचा प्रवाह सुमारे निम्माच घटतो. गावाबाहेरचा हमरस्ता अडवला तरी वाहनं गल्लीबोळांतून आत येतातच, तसं कमरेतलं रक्त बाजूच्या धमन्यांमधून वाट काढतं. नळीचा फायदा असा की ती गळतीच्या अगदी तोंडाशी जाऊन थांबते. शिवाय मुळाशीच गाठ मारून टाकली की पुढे नळी न्यायला वाट उरत नाही, म्हणून आधी काय करायचं याला फार महत्त्व आहे.

बुजवायला वापरतात तो जिलेटिनचा स्पंज. 1940च्या दशकात तो शस्त्रक्रियेतल्या जखमांसाठी आला. त्याचे बारीक तुकडे औषधात कालवून सोडले की धमनी बंद होते आणि काही आठवड्यांत तो विरघळून जातो. रक्त थांबतं, पिशवी राहते, पाळी परत येते, पुढे मूलही होऊ शकतं. ज्या पोरीचं पहिलंच बाळंतपण आहे तिच्यासाठी याचं मोल काय, हे वेगळं सांगायला नको.

उशिराच्या रक्तस्रावाकडे नेमकं लक्ष वेधलं ते पॅरिसने. तिथल्या लारिब्वाझिएर रुग्णालयात या उपायाचा मोठा अनुभव जमला होता. पॅरिसच्याच राविना यांनी गर्भाशयातल्या गाठींसाठीही तो 1995 मध्ये मांडला. 1999 साली पेलाज आणि सहकाऱ्यांनी उशिरा रक्तस्राव झालेल्या 14 स्त्रियांचा अनुभव छापला. धमन्यांच्या अशा चित्रांतून क्युरेटिंगच्या जुन्या कोड्याचा एक उलगडा झाला. काहींच्या गर्भाशयाच्या धमनीला, बहुधा सिझेरियनच्या वेळी, इजा झालेली असते. तिथून झिरपलेल्या रक्ताची बाजूला पिशवी धरते, आणि ती दिवसांनी, कधी आठवड्यांनी फुटते. अशा जागी क्युरेट फिरवणं म्हणजे ती पिशवी फोडणंच. कुणाच्या धमनी-शिरांची थेट जोड झालेली असते. तिथेही तीच गत. या पिशव्यांना जिलेटिन अपुरं पडेल असं वाटलं तर धातूची बारीक गुंडाळी किंवा गोंदासारखं औषध वापरतात.

आज डॉपलर सोनोग्राफीने बऱ्याचदा हा संशय आधीच येतो. म्हणून सिझेरियननंतर उशिरा अंगावरून जास्त जाऊ लागलं, तर क्युरेटिंगआधी डॉपलर होऊ द्यावं, असं मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. उपायाची सोय मात्र सगळीकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012च्या मार्गदर्शनातही, गर्भाशय सैल पडून होणाऱ्या रक्तस्रावासाठी, जिथे साधनं आहेत तिथेच हा उपाय सुचवला आहे. धमनीत नळी घालण्याची सोय असलेल्या कॅथ लॅब हृदयासाठी आपल्या कितीतरी शहरांत उभ्या राहिल्या. पण गर्भाशयाची धमनी बुजवण्याचं काम जाणणारा रेडिओलॉजिस्ट तिथे असेलच असं नाही. तो नसेल तिथे रक्त चढवत, गाडीतून मोठ्या शहराकडे नेणं हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

उपायाचे तोटेही आहेत: ताप, पोटदुखी, क्वचित गर्भाशयाच्या पेशींना इजा. पुढच्या खेपेला वार गर्भाशयाला घट्ट चिकटून राहण्याचा धोका वाढतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून धमनी बुजवल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर ठळक असावी, आणि पुढच्या बाळंतपणासाठी नाव नोंदवताना त्या स्त्रीने ते कार्ड नव्या डॉक्टरांपुढे ठेवावं.