स्मार्टफोन आणि पाणी : 'आयपी ६८' या दर्जाचा खरा अर्थ

स्मार्टफोनच्या जाहिरातींत पाण्याचे तुषार, तरणतलाव आणि समुद्रकिनारे सर्रास दिसतात. खोक्यावर 'आयपी ६७' किंवा 'आयपी ६८' असे छापलेले असले की फोनला पाण्यापासून कोणताच धोका नाही, अशी ग्राहकाची समजूत होते. प्रत्यक्षात हे आकडे प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीचा निकाल सांगतात. आजीवन संरक्षणाची हमी देत नाहीत. बँकेचे व्यवहार, ओळखपत्रे, छायाचित्रे आणि संपर्क क्रमांक एकाच उपकरणात साठवले जात असताना हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट'

पहिल्या शब्दाचा अर्थ जलाभेद्य, म्हणजे पाणी कधीही आत शिरू न देणारे, असा होतो. दुसऱ्याचा अर्थ जलप्रतिरोधक, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी थोपवून धरणारे, असा आहे. प्रमुख उत्पादक आपल्या तांत्रिक माहितीपत्रकात दुसराच शब्द वापरतात. हा प्रतिरोध कायमस्वरूपी नसून वापराबरोबर तो कमी होऊ शकतो, असा खुलासाही बहुतेक वेळा तळटिपेत बारीक अक्षरांत दिलेला असतो.

आकड्यांची फोड

'आयपी' ही संज्ञा आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या, म्हणजेच आयईसीच्या, ६०५२९ क्रमांकाच्या मानकातील आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही हे मानक स्वीकारले आहे. संज्ञेपुढील पहिला अंक धूळ व अन्य घन पदार्थांपासूनच्या संरक्षणाचा असून तो ० ते ६ असा असतो. ६ म्हणजे धूळ अजिबात आत न शिरणे. दुसरा अंक पाण्याचा असून तो ० ते ९ असा असतो. एखादी चाचणी झालेली नसेल किंवा तिचा निकाल जाहीर केलेला नसेल, तर त्या अंकाच्या जागी 'एक्स' हे अक्षर येते.

दुसऱ्या अंकाचे अर्थ थोडक्यात असे :

१ आणि २ : वरून ठिबकणारे पाणी; दुसऱ्या प्रकारात उपकरण १५ अंशांपर्यंत कललेले असते.
३ आणि ४ : फवारा आणि सर्व दिशांनी उडणारे पाणी.
५ : मिनिटाला १२.५ लिटर पाणी सोडणाऱ्या नळीचा झोत.
६ : मिनिटाला १०० लिटर पाण्याचा जोरदार झोत.
७ : १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवणे.
८ : सातव्यापेक्षा कठोर अटींवर पाण्यात बुडवणे, खोली आणि वेळ उत्पादकाने जाहीर करायची असते.
९ : सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा जवळून मारलेला उच्च दाबाचा झोत.

यातील दोन बाबींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे, 'आयपी ६८' असे लिहिलेल्या दोन फोनची क्षमता सारखीच असेल असे नाही. २०१८ मधील आयफोन एक्सएससाठी २ मीटर व ३० मिनिटे, तर २०२० मधील आयफोन १२ साठी ६ मीटर व ३० मिनिटे अशी मर्यादा जाहीर करण्यात आली होती. दोन्हींचा दर्जा मात्र 'आयपी ६८' हाच. दुसरी बाब अशी की, ७ किंवा ८ हा अंक मिळाला म्हणजे ५ आणि ६ या अंकांच्या झोताच्या चाचण्या आपोआप उत्तीर्ण झाल्या असे होत नाही. स्थिर पाण्यात तग धरणारा फोन नळाच्या वेगवान धारेखाली टिकेलच असे नाही. म्हणूनच काही फोनवर दोन किंवा तीन दर्जे एकत्र दिलेले असतात.

प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष वापर

बुडवण्याची चाचणी नव्या नमुन्यांवर, स्वच्छ गोड्या आणि स्थिर पाण्यात घेतली जाते. दैनंदिन जीवनातील पाणी असे नसते.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी विजेचे उत्तम वाहक असते. ते वाळल्यावर मागे राहणारे क्षार हवेतील ओलावा शोषून धातू गंजवत राहतात. तरणतलावात क्लोरीन असते. साबण व शॅम्पू पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. त्यामुळे साधे पाणी जेथे अडते अशा सूक्ष्म फटींतूनही साबणाचे पाणी आत जाऊ शकते. स्नानगृहातील वाफ तर पाण्यापेक्षा सहज आत शिरते आणि आत गार होऊन तिचे थेंब बनतात.

वेगाचाही परिणाम होतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने पाण्यावर आदळणाऱ्या फोनवर क्षणभर सुमारे सव्वा मीटर खोलीइतका दाब येतो. खिशात फोन ठेवून तलावात उडी मारणे आणि फोन अलगद पाण्यात सोडणे या दोन गोष्टी म्हणूनच वेगळ्या आहेत. तापमानातील बदलही तितकाच घातक ठरतो. उन्हात तापलेला फोन थंड पाण्यात पडला, तर आतील हवा आकुंचन पावते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाण्याची शक्यता वाढते.

संरक्षण कसे मिळते आणि कसे संपते

पडदा आणि मागील आवरण चिकट पट्टीने चौकटीला जोडलेले असते. सिमकार्डाच्या कप्प्याभोवती रबराची कडी असते. ध्वनिवर्धक व ध्वनिग्राहकाच्या छिद्रांवर अतिसूक्ष्म रंध्रांचा पडदा बसवलेला असतो. त्यातून हवा व ध्वनी जातो, परंतु पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडतो.

हे सर्व घटक झिजणारे आहेत. उष्णतेने चिकट पट्टी सैल होते, रबर कडक होते आणि फोन खाली पडल्याने चौकट किंचित वाकते. डोळ्यांना न दिसणारी चीरही पाण्याला पुरेशी असते. पडदा किंवा बॅटरी बदलताना जुनी पट्टी तुटते. नवी पट्टी योग्य रीतीने बसवली नाही, तर दर्जा केवळ कागदावर उरतो. दोन-तीन वर्षे वापरलेला फोन नव्या फोनइतके पाणी थोपवेल, हे गृहीत धरता येत नाही.

पाणी आत गेल्यावर

पाण्याचा पहिला धोका लघुपरिपथाचा, म्हणजे 'शॉर्टसर्किट'चा असतो. दुसरा धोका संथ, परंतु अधिक फसवा असतो. विद्युतप्रवाह चालू असताना पाण्यातील क्षारांमुळे तांबे व अन्य धातूंचे विद्युत अपघटन होते आणि जोडण्या गंजू लागतात. भिजल्यानंतर काही दिवस नीट चालणारा फोन अचानक बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

काय करावे, काय टाळावे

फोन भिजल्यास तो तत्काळ बंद करावा. आवरण आणि सिमकार्ड काढून मऊ कोरड्या कापडाने पुसावा. चार्जिंगचे छिद्र खाली राहील अशा रीतीने फोन धरून हलकेच थोपटावा आणि हवेशीर जागी ठेवावा. छिद्र पूर्ण कोरडे होईपर्यंत चार्जिंगची तार जोडू नये. ओल्या छिद्रातून वीज वाहिल्यास तेथील जोडण्या गंजतात. छिद्रातील ओल जाण्यास काही वेळा २४ तासही लागतात.

केस वाळवण्याचे यंत्र, शेगडी किंवा कडक ऊन यांचा वापर करू नये. छिद्रात कापूस वा कागद खुपसू नये. फोन तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी तो उपयुक्त नाही. तांदळाचे बारीक कण फोनला हानी पोहोचवू शकतात, असा इशारा अॅपल कंपनीनेही दिलेला आहे. शिवाय आत गेलेले क्षार तांदूळ शोषून घेत नाही आणि त्यात वेळ मात्र वाया जातो.

खारे पाणी, चहा, शीतपेय किंवा रंगाचे पाणी आत गेल्याची शंका असल्यास फोन सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा आणि तंत्रज्ञाकडून तो उघडून स्वच्छ करून घ्यावा. बॅटरी फुगलेली किंवा फोन आपोआप गरम होत असल्याचे आढळल्यास वापर पूर्णपणे थांबवावा.

हमी आणि ग्राहकांचे हक्क

बहुतेक कंपन्यांच्या सर्वसाधारण हमीत पाण्याने झालेली हानी समाविष्ट नसते. अनेक फोनमध्ये, बहुधा सिमकार्डाच्या कप्प्यात, पाण्याचा स्पर्श होताच रंग बदलणारी खूण असते. ती लाल झाल्यास मोफत दुरुस्ती नाकारली जाऊ शकते. जाहिरातीत पाणी आणि हमीपत्रात पाण्याला नकार, या विसंगतीवर परदेशांत कारवाई झालेली आहे.

इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलला १ कोटी युरोचा दंड केला. जलप्रतिरोधाचा दावा कोणत्या परिस्थितीत लागू होतो, हे पुरेसे स्पष्ट केलेले नव्हते आणि पाण्याच्या हानीसाठी हमीची सेवाही नाकारली जात होती, असा ठपका त्यात होता. ऑस्ट्रेलियात सॅमसंगच्या स्थानिक कंपनीला जून २०२२ मध्ये १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. मार्च २०१६ ते ऑक्टोबर २०१८ या काळातील नऊ जाहिरातींत गॅलेक्सी फोन तरणतलावात व समुद्रात वापरता येतील असे सुचवण्यात आले होते. मात्र पाण्यात बुडालेला फोन छिद्र ओले असतानाच चार्ज केल्यास ते गंजण्याचा धोका होता, हे कंपनीने मान्य केले.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनच्या ऊर्जा-लेबलवर आयपी दर्जा छापणे बंधनकारक झाले आहे. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी खरेदीची पावती, हमीपत्र आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवणे हितावह ठरते.

खरेदीपूर्वी आयपी दर्जाबरोबरच त्यापुढील खोली व वेळेची मर्यादा तसेच हमीपत्रातील पाण्याविषयीचे कलम वाचावे. पावसात किंवा किनाऱ्यावर जाताना साधी बंद प्लास्टिक पिशवीही उपयोगी पडते. फोन दुरुस्त होऊ शकतो किंवा नवा घेता येतो. त्यातील माहिती मात्र परत मिळेलच असे नाही. म्हणून महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र नियमितपणे साठवून ठेवणे, हे कोणत्याही दर्जापेक्षा अधिक भरवशाचे संरक्षण आहे.